पिक्चरमध्ये आपला माणूस कोण?

२०२५ मध्ये १४ ऑगस्टला ‘वॉर २’ लागला. गुरुवार होता. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिन आणि जुम्मा एकत्र आलेले, शनिवारी दहीहंडी, मग रविवार. साताऱ्यापासून मिरजेपर्यंत आपल्या पोरांचे वेळापत्रक जणू छापून ठेवलेले होते. सकाळी झेंडावंदन, दुपारी जुम्म्याची नमाज आणि संध्याकाळी पिक्चर. सोमवारी शाळा भरली तेव्हा वर्गात सरळ सरळ तट पडलेले होते आणि मधल्या सुट्टीत डबे उघडायच्या आधीच तोंडे उघडली होती.

ज्यांना या प्रकरणाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. यशराज फिल्म्स या कंपनीने २०१२ मध्ये ‘एक था टायगर’ काढला. मग २०१७ मध्ये ‘टायगर जिंदा है’, २०१९ मध्ये ‘वॉर’, २०२३ च्या जानेवारीत ‘पठाण’, त्याच वर्षी दिवाळीत ‘टायगर ३’ आणि आता ‘वॉर २’. हे सहाही पिक्चर एकाच साखळीचे. सलमान खान, शाहरुख खान आणि हृतिक रोशन हे तिघे त्यात ‘रॉ’चे हेर आहेत आणि एकमेकांच्या पिक्चरमध्ये शेजाऱ्यासारखे येऊन जातात. पठाणला सोडवायला टायगर धावत्या गाडीत उतरतो, तर टायगरला सोडवायला पठाण पाकिस्तानच्या तुरुंगात शिरतो. शाहरुखवाला आणि सलमानवाला एका बाकावर बसू शकत नाहीत अशी ज्यांच्या मोहल्ल्याची परंपरा, त्यांच्यासाठी हे दृश्य म्हणजे दिलजमाईच होती.

‘वॉर २’ने मात्र नव्याने भांडण लावून दिले. एक तट हृतिकचा. दुसरा ज्युनिअर एनटीआरचा. आंध्र-तेलंगणाचा हा नट आपल्याकडे कुणाला माहीत असे वाटेल, पण ‘आरआरआर’ आल्यापासून आणि टीव्हीवर दुपारी लागणाऱ्या हिंदीत बोलणाऱ्या दाक्षिणात्य पिक्चरमुळे मिरजेच्या बाजूच्या पोरांना तो सख्ख्या चुलतभावाइतका ओळखीचा आहे. तिसरा तट म्हणाला, नट दोन्ही बरे, पिक्चर टुकार. चौथा म्हणाला, पहिला ‘वॉर’ तो ‘वॉर’, हा नुसता पसारा. त्याच दिवशी रजनीकांतचा ‘कुली’ही लागला होता. काहींनी तो पाहून दोन्हींकडच्यांना वेड्यात काढले, तो पाचवा तट.

आमचे माहेर मिरजेचे आणि नोकरी कराडच्या बाजूला. त्यामुळे कृष्णेच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही अंगांचे ऐकायला मिळते. मुलांचे बोलणे नीट ऐकले तर त्यात समज बरीच असते. ‘वॉर २’ बद्दल सर्वांत जास्त तक्रार होती ती संगणकावर रंगवलेल्या मारामारीची. विमानाच्या पाठीवर दोन माणसे लढतात, आगगाडीच्या टपावरून गाड्या उडतात, आणि हे सारे खोटे आहे हे नववीतल्या पोराला पहिल्या क्षणी कळते, कारण तो स्वतः मोबाइलवर तसलेच खेळ खेळत असतो. एकाने आम्हाला फार छान सांगितले. तो म्हणाला, मॅडम, पडताना त्याला लागत नाही, मग आम्हाला भीती कशी वाटेल? अयान मुखर्जी या दिग्दर्शकाला हे मुंबईत कुणी सांगितले असते तर कितीतरी पैसे वाचले असते.

दुसरी तक्रार होती हेराची. एका मुलीचा प्रश्न असा, की हा गुप्तहेर आहे तर पुढून गाणे वाजत, केस उडवत का येतो? सगळ्यांनी पाहावे असा चालणारा माणूस गुप्त काय राहणार? आमच्या दोन्ही जिल्ह्यांतल्या मुलांना हा प्रश्न पडणे साहजिक आहे. सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यात बाणूरगड आहे, जुने नाव भूपाळगड. तिथे बहिर्जी नाईकांची समाधी आहे. शिवाजी महाराजांच्या हेरखात्याचा प्रमुख, नाना वेष घेणारा माणूस. त्याचे चित्र नाही, हस्ताक्षर नाही, कागदोपत्री उल्लेखही अगदी थोडे. सहलीला गेलेली मुले समाधीपाशी विचारतात, ते दिसायचे कसे? कुणाला सांगता येत नाही. ज्याचे दिसणे कुणाला सांगता येत नाही तो हेर, हे मुलांना तिथे उभे राहिल्यावर आपोआप कळते. मग हृतिक रोशन कितीही देखणा असला तरी त्यांच्या मनात थोडी शंका राहते.

इथपर्यंतची भांडणे कुठल्याही शाळेत, कुठल्याही गल्लीत झाली असतील. पुढची मात्र आपल्या घरातली आहेत.

९ ऑक्टोबरला ‘वॉर २’ नेटफ्लिक्सवर आला आणि जे थिएटरला गेले नव्हते त्यांनी घरी पाहिला. पिक्चर पाहणे बरे की वाईट, हा प्रश्न इथे काढत नाही, प्रत्येक घराचा त्यावरचा निकाल ज्याचा त्याच्यापाशी आहे. पण जिथे पाहतात तिथे कसे पाहतात, हे सांगण्यासारखे आहे. आमच्या नात्यात एक सत्तरी ओलांडलेल्या खाला आहेत. घरात मारामारीचा पिक्चर लावला की त्या चष्मा पुसता पुसता नातवाला एकच विचारतात, “अरे, इसमें अपना आदमी अच्छा है की बुरा, पैले वो बोल. बुरा है तो मैं भीतर जाके लेटती.”

नातू हसतो. आम्हीही हसलो. पण हा प्रश्न खालांनी आजच्या आज काढलेला नाही, पुष्कळ वर्षे पिक्चर पाहून काढलेला आहे. दाढी, सुरमा, ताईत, हिरवा दिवा, ‘जनाब’ म्हणणारा, पाठीमागे अजानचा आवाज, आणि मग बॉम्ब. पडद्यावर एवढे दिसले की आपल्या घरातल्या बायका कूस बदलतात. पोरे मात्र बदलत नाहीत, कारण त्यांना पिक्चर आवडत असतो. हिरोची उडी आवडते, गाणे आवडते, आणि त्याच वेळी कुठेतरी टोचत असते. चाहत्यांतली खरी फूट आम्हाला तिथे दिसते. हृतिकवाला आणि एनटीआरवाला ही फूट दोन पोरांमधली असते. ही फूट एकाच पोराच्या आत असते.

या साखळीचे एक बरे म्हणायला हवे, की तिने हा प्रश्न टाळला नाही. पाहा, ‘एक था टायगर’मध्ये रॉचा हेर आयएसआयच्या झोयाच्या प्रेमात पडतो आणि दोघे दोन्ही देशांच्या नोकऱ्या सोडून पळून जातात. तो पिक्चर १५ ऑगस्टला, ईदच्या तोंडावर लागला होता. पाकिस्तानात त्यावर बंदी आली. ‘टायगर जिंदा है’मध्ये इराकात अडकलेल्या परिचारिकांना सोडवायला रॉ आणि आयएसआय एकत्र येतात. ‘पठाण’ची गंमत तर और आहे. हिरोचे नाव पठाण, पण तो जन्माने कोण हे पिक्चर सांगतच नाही. आईबापांनी त्याला एका सिनेमाघरात सोडून दिलेले असते. अफगाणिस्तानातल्या मदरशातल्या मुलांना तो क्षेपणास्त्रापासून वाचवतो, आणि तिथले लोक त्याला आपला म्हणून पठाण हे नाव देतात. खलनायक कोण, तर जिम नावाचा, रॉमधूनच फुटलेला माणूस. खाला ‘पठाण’ शेवटपर्यंत बसून पाहू शकल्या, त्याचे कारण हे.

‘पठाण’च्या वेळी बाहेर काय चालले होते तेही आठवा. एका गाण्यातल्या भगव्या कपड्यावरून गदारोळ झाला, मध्य प्रदेशाचे तेव्हाचे गृहमंत्री नरोत्तम मिश्रा बोलले, बहिष्काराच्या हाका आल्या. पिक्चरने जगभरातून हजार कोटींच्या वर गल्ला जमवला. तेव्हा आपल्या पोरांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो निव्वळ शाहरुखचा नव्हता. आमच्या ओळखीच्या एका मुलाचे आडनाव पठाण आहे. त्या पंधरवड्यात त्याला वर्गातली सगळी मुले, सगळ्या जातीधर्माची, ‘काय पठाण!’ म्हणून हाका मारत होती आणि तो दोन बोटे उंच होऊन चालत होता. त्याच नावाला याआधी कोणकोणत्या हाका आल्या होत्या हे त्याला आणि आम्हाला माहीत आहे.

त्याच्या उलट टोकाला पहिल्या ‘वॉर’मधला खालिद. आमच्या मते या सहा पिक्चरमधले सर्वांत महत्त्वाचे पात्र तेच. खालिद रहमानीचा बाप सैन्यात असून गद्दार ठरलेला. आई नफीसा त्या डागासकट मुलाला वाढवते. खालिद मोठा होऊन बापाला ज्याच्यामुळे शिक्षा झाली त्या कबीरच्याच तुकडीत जागा मागतो. त्याला दुप्पट धावायचे असते, दुप्पट लढायचे असते, कारण त्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह आहे. पुढे कळते की ज्याला आपण खालिद समजून पाहत होतो तो खालिद नाहीच. सौरभ नावाच्या फितुराने शस्त्रक्रिया करून त्याचा चेहरा चढवलेला असतो. खरा खालिद केव्हाच मारला गेलेला.

हा पिक्चर लागला तेव्हा पोरांमध्ये जी चर्चा झाली ती आम्ही विसरलो नाही. एका बाजूचे म्हणणे, वा, गद्दार शेवटी खालिद निघाला नाही, आपला माणूस साफ सुटला. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, सुटला कसला, मेला की! निर्दोष ठरायला त्याला आधी मरावे लागले. आणि तिसरा एक मुलगा, जो एरवी कधी तोंड उघडत नाही, तो म्हणाला, पण मॅडम, बापाने केले तर त्याला परीक्षा का द्यायला लागली? अविनाश सिंह राठोडला कुणी परीक्षा घ्यायला सांगत नाही. अविनाश सिंह राठोड हे टायगरचे पिक्चरमधले खरे नाव.

तो मुलगा आता कोल्हापूरला इंजिनिअरिंगला आहे. वर्ग पाडून समीक्षा शिकवणाऱ्या कितीतरी लोकांना हा प्रश्न सुचला नसता.

म्हणून ‘वॉर २’कडून काहींच्या अपेक्षा वेगळ्या होत्या. त्यात कबीर आहे, कर्नल लुथरा आहे, लुथरांची मुलगी काव्या आहे, आणि एनटीआरचा विक्रम आहे, जो कबीरचा लहानपणीचा जोडीदार निघतो. रस्त्यावर वाढलेली दोन पोरे, एक निवडला गेला, दुसरा मागे राहिला, म्हणून वैर. गोष्ट तशी बरी आहे. पण खालिद नाही, त्याची आई नाही, आणि तो प्रश्नही नाही. मोठ्या मुलांपैकी काहींना हे रिकामे वाटले. पाठीमागे काही धडधडतच नाही, नुसती दोघांची चुरस, असे एक जण म्हणाला. आणि काहींनी सुटकेचा निःश्वास टाकला. पहलगामचा हल्ला एप्रिलमधला, मग मे महिन्यातली सीमेवरची लढाई. त्यानंतरच्या महिन्यांत बसस्टँडवर, क्रिकेटच्या मैदानावर आपल्या पोरांना काय काय ऐकावे लागले ते घरोघरी माहीत आहे. पावणेतीन तासांहून जास्त चालणाऱ्या पिक्चरमध्ये एकदाही मान खाली घालावी लागली नाही, म्हणून एक मुलगा ‘वॉर २’ला चांगला म्हणाला. नट कसा, मारामारी कशी, त्याला काही देणेघेणे नव्हते. हे परीक्षण कुठल्या वर्तमानपत्रात आले नाही.

उर्दू मात्र गाण्यात शिल्लक आहे. दोन हिरो नाचात एकमेकांना हरवू पाहतात त्या गाण्याचे नाव ‘जनाब-ए-आली’.

आपल्याकडे हेरकथांचे वेड सिनेमाने आणले असे नव्या पोरांना वाटते. त्यांच्या आजोबांना विचारा. मराठी घरांत बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड होते, तसे उर्दू वाचणाऱ्या घरांत इब्ने सफी होते. खरे नाव असरार अहमद, अलाहाबादजवळच्या नारा गावचे. १९५२ च्या मार्चमध्ये त्यांच्या ‘जासूसी दुनिया’चे पहिले पुस्तक आले. त्याच वर्षी ते कराचीला गेले, पण पुस्तके अलाहाबादला आणि कराचीला अशी दोन्हीकडे निघत राहिली. १९५५ पासून इम्रान मालिका. दोन्ही मिळून दोनशे चाळिसाच्या वर कादंबऱ्या. बाजारात अश्लील लिहिल्याशिवाय खपत नाही असे कुणीतरी म्हणाले आणि त्यावर पैज लागल्यासारखे त्यांनी हे लिहायला घेतले, असे सांगतात. त्यामुळे ती पुस्तके बाप, मुलगा आणि सून तिघांनाही वाचता येत. मधे तीन वर्षे आजाराने लेखणी बंद पडली. १९६३ मध्ये ‘डेढ मतवाले’ घेऊन ते परतले तेव्हा भारतात त्या पुस्तकाचे प्रकाशन लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाले.

मिरजेत आमच्या अब्बांकडे ‘इम्रान’ची पंधराएक पुस्तके होती, कडेने वाळवीने खाल्लेली. अली इम्रान हा आजच्या हेरांच्या अगदी उलटा. बावळट दिसतो, भलतेच काहीतरी बोलतो, बाप रहमानसाहेब गुप्तचर खात्याचे मोठे अधिकारी असून त्याला निकम्मा समजतात. आणि तोच आतून सगळ्या खात्याचा प्रमुख, एक्स-टू. हे त्याच्या हाताखालच्यांनाही ठाऊक नाही. त्याचा देश कोणता हे कादंबरीत सहसा येत नाही. त्यामुळे अलाहाबादचा वाचक त्याला आपला समजे आणि कराचीचाही आपला.

आता मजेची गोष्ट. याच कादंबऱ्या हिंदीत निघाल्या तेव्हा नावे बदलली. कर्नल फरीदीचा कर्नल विनोद झाला. इम्रानचा राजेश झाला. फरीदीचा सहायक कॅप्टन हमीद तेवढा हमीदच राहिला. हिरो विनोद असेल तर हिंदी वाचक घेईल, सोबतचा गमत्या हमीद असला तर चालेल, असा काहीतरी व्यवहार प्रकाशकाने पाहिला असावा. त्यावर रागावण्यात अर्थ नाही, त्यामुळेच ती गोष्ट आणखी लाखो घरांत गेली. पण ‘पठाण’ला २०२३ मध्ये पठाणच राहू देऊन हजार कोटी मिळाले, हे त्या काळच्या प्रकाशकाला सांगितले असते तर त्याने विश्वास ठेवला नसता. आम्ही वर्गात हे सांगितले तेव्हा एका मुलाने विचारले, मग मॅडम, राजेशची अम्मी कोण होती, अम्मी की माताजी? आम्हालाही उत्सुकता आहे.

मोबाइलवर मात्र आपल्याकडे वाद खेळीमेळीने संपत नाहीत. नटाच्या नावाने चालणाऱ्या पानांवर जे लिहिले जाते ते वाचवत नाही. पहिल्या चार ओळी नटाबद्दल, पाचव्या ओळीला आई-बहीण, सहाव्या ओळीला पाकिस्तान. ‘वॉर २’ टुकार आहे असे लिहिणाऱ्याचे नाव जर आपले असेल तर उत्तर पिक्चरबद्दल येत नाही, नावाबद्दल येते. आपली पोरेही कमी नाहीत. तीही तसेच काहीतरी उलट लिहितात आणि अम्मीला चहा द्यायला उठतात, जणू काही झालेच नाही.

सातारा-सांगलीच्या आयांना हे हसण्यावारी नेता येत नाही. २०२३ च्या सप्टेंबरात खटाव तालुक्यात पुसेसावळीला समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून काय झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे. मशिदीवर जमाव आला आणि एका तरुणाचा जीव गेला. तेव्हापासून आमच्या बाजूला पुष्कळ घरांत रात्री मुलाचा फोन आई उशाशी घेऊन झोपते. मुलगा म्हणतो, अम्मी, मी फक्त सलमानबद्दल लिहिले आहे. अम्मी म्हणते, कुछ भी नको लिखू. दोघांचेही बरोबर आहे आणि त्यावर आमच्यापाशी औषध नाही. वर्गात एवढेच केले, की जे लिहायचे ते वहीत लिहा म्हणून सांगितले. पूर्ण नाव घालून, शिवी न घालता, कारणांसकट, मराठीत.

त्यातून ज्या वह्या आल्या त्या वाचताना एक रविवार गेला. काहींनी नुसते ‘जाम भारी’ लिहून पान भरवले. पण बाकीच्यांनी मन मोकळे केले. ‘टायगर ३’मध्ये शेवटी पाकिस्तानातली शाळकरी मुले आपले राष्ट्रगीत वाजवतात तेव्हा एकाला रडू आले, असे त्याने लिहिले, आणि खाली कंसात, हे खरे होणार नाही हे मला माहीत आहे. त्याच्या शेजारी बसणाऱ्याने त्याच दृश्याला ‘नुसती टाळ्या घ्यायची युक्ती’ म्हटले. त्याच पिक्चरमधला इमरान हाशमीचा आतिश रहमान एकाला टायगरपेक्षा आवडला, कारण त्याच्या वागण्याला निदान कारण आहे, बायको मेलेली आहे. शिकलगार आळीतल्या एका मुलाने मालेगावबद्दल लिहिले. ‘टायगर ३’ लागला त्या रात्री मालेगावच्या मोहन सिनेमात भर खेळात चाहत्यांनी फटाके आणि रॉकेट उडवली, लोक खुर्च्यांखाली लपले, पोलिसांत गुन्हा दाखल झाला, आणि हे धोक्याचे आहे, असे करू नका, असे खुद्द सलमानला सांगावे लागले. मुलाने लिहिले होते, आम्ही पिक्चरवर इतके प्रेम करतो की तो पाहतच नाही. आम्ही त्या वाक्याखाली लाल रेघ मारली, चांगल्या अर्थाने.

मुलींच्या वह्या वेगळ्या निघाल्या. हृतिक की एनटीआर, यात त्यांना रस नव्हता. त्यांचे भांडण झोयावरून. झोया हिरोला वाचवते, गाडी चालवते, लढते, मग ‘टायगर ३’मध्ये तिची मुख्य मारामारी हमामखान्यात टॉवेल गुंडाळून का? एकीने लिहिले की लढताना टॉवेल सुटेल या काळजीत मी तिची मारामारी पाहिलीच नाही. घरात आई त्या वेळी चॅनल बदलते, म्हणजे झोयाने जे काही केले ते आमच्या घरी कुणी पाहतच नाही, फुकट जाते. ‘पठाण’मधल्या रुबीनाचेही तेच. दुसऱ्या मुलीने तिला उत्तर दिले होते, की निदान ती लढते तरी, नाहीतर आपल्या नावाच्या बाया पिक्चरमध्ये नमाजच्या दुपट्ट्यात रडतच असतात.

या दोघींना आम्ही नूर इनायत खानची गोष्ट सांगितली, ती अशी. वडील हजरत इनायत खान बडोद्याचे गवई, सूफी. त्यांचे आजोबा मौलाबक्ष सयाजीराव महाराजांच्या दरबारातले संगीतकार. आई अमेरिकन. घराणे टिपू सुलतानच्या वंशातले मानले जाते. नूरचा जन्म १९१४ चा, वाढली पॅरिसजवळ, मुलांसाठी जातककथा लिहिल्या. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या गुप्त सेवेत बिनतारी संदेश पाठवणारी म्हणून तिला जून १९४३ मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये उतरवले. टोपणनाव मादलेन. सोबतचे एकेक पकडले जात असताना परत ये असा निरोप आला तरी ती गेली नाही. पेटी घेऊन घरे बदलत राहिली आणि संदेश पाठवत राहिली. ऑक्टोबरात फितुरीने पकडली गेली. कैदेत साखळदंडात ठेवले, पण साथीदारांची नावे तिने दिली नाहीत. सप्टेंबर १९४४ मध्ये दाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली. वय तीस. १९४९ मध्ये ब्रिटनने तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस दिला. अधिकाऱ्यांनी सुरुवातीला तिच्याबद्दल शेरा मारला होता, की ही फार हळवी आहे, या कामाची नाही.

वर्ग जरा वेळ गप्प होता. मग त्या टॉवेलवाल्या मुलीने विचारले, मॅडम, तिच्याकडे बंदूक होती का? तिचे काम बंदुकीचे नव्हते, पेटीचे होते, असे सांगितले. तर म्हणाली, मग हिच्यावर पिक्चर चालायचा नाही.

दोनचार जणींनी लगेच तिला खोडून काढले. या साखळीचा पुढचा पिक्चर ‘अल्फा’ आहे आणि त्यात हेर दोन मुली आहेत, आलिया भट आणि शर्वरी. ‘वॉर २’च्या शेवटी बॉबी देओल एका लहान मुलीच्या हातावर खूण गोंदवतो, ती त्याचीच नांदी. शर्वरी ही मराठी मुलगी, माजी मुख्यमंत्री मनोहर जोशींची नात, ही माहिती वर्गानेच आम्हाला पुरवली. ‘अल्फा’त टॉवेल असणार की नाही यावर मुलींच्या पैजा लागल्या आहेत. पैज वडापावची आहे.

मुलगे मात्र ‘टायगर विरुद्ध पठाण’ कधी येणार याच्या वाटेकडे डोळे लावून बसले आहेत. तो नुसता जाहीर होऊन पडला आहे आणि पुढे सरकत नाही. एकाने तर कथा लिहूनही टाकली. तीत दोघे शेवटपर्यंत एकमेकांना मारत नाहीत, कारण दोघांनाही एकाच वेळी कुणीतरी फसवलेले असते. तो फसवणारा कोण, हे त्याने लिहिलेले नाही. विचारले तर म्हणाला, नाव काय द्यावे ते ठरत नाही मॅडम, जे देईन त्या नावाचा कुणीतरी वर्गात आहेच.